वाफ कुणाच्या तोंडावर

"मी जरा हात धुऊन येते," म्हणून मावशी उठल्या, की समजावं, हात स्वच्छच आहेत.

शनिवार पेठेत आमच्या खालच्या मजल्यावर त्या राहायच्या. सगळी गल्ली त्यांना मावशी म्हणे. खरी भाची एकच, आईमागे त्यांनीच वाढवलेली. ती कॉम्प्युटरच्या कंपनीत लागली आणि तिने जाहीर केलं, पोह्यांचा ट्रे घेऊन मी कुणासमोर येणार नाही. मुलगा बघायचा तर हॉटेलात. अमेरिकेला निघालेली मुलं तेव्हा पुण्यात पैशाला पासरी. मावशींनी कॅम्पातलं एक चायनीज हॉटेल निवडलं. मुलगा आणि भाची एका टेबलावर, शेजारच्या टेबलावर अनोळखी असल्यासारख्या आम्ही दोघी. मुलाला पत्ता नसे.

मला का नेत? मी नुकताच बॉबकट केला होता आणि स्वतःला फार आधुनिक समजत होते. पहिल्याच दिवशी बांबूच्या गोल टोपलीत वाफाळते डिमसम आले आणि मी साऱ्या हॉटेलला ऐकू जाईल असं म्हणाले, "अय्या, हे तर उकडीचे मोदक."

"मग तूप माग," मावशी म्हणाल्या.

मग मी काड्या उचलल्या. माझा डिमसम उडून पाण्याच्या ग्लासात पडला. ग्लास मावशींचा. आता माझी नात काड्यांनी शेंगदाणा उचलते. तिला हे सांगू नका.

मावशींचं लक्ष मात्र शेजारच्या टोपलीवर. "पगार पत्रिकेत लिहिलेला असतो गं," त्या म्हणत. "तो झाकण कसं उघडतो ते बघ. वाफ कुणाच्या तोंडावर जाते ते बघ." ते नीट दिसावं म्हणून टोपली आली रे आली, की त्या हात धुवायला निघत. बेसिनची वाट त्या टेबलावरूनच जायची.

एकाने वाफ थेट भाचीच्या चष्म्यावर सोडली. नापास. एकाने वेटरकडून झाकण उघडून घेतलं. नापास. एकाने तर नीट उघडलं, पण मावशींच्या मते "घाईने". भाची गेली की घरात त्या एकट्याच उरणार, हे साऱ्या गल्लीला दिसत होतं. मी बॉबकटवाली मात्र आपली खाण्यात दंग.

मग तो आला. किडकिडीत, शर्टाची एक बाजू बाहेर आलेली. त्याने झाकणाची स्वतःकडची कड उचलली. झाकण भाचीपुढे ढालीसारखं उभं राहिलं आणि सगळी वाफ त्याच्याच तोंडावर.

मावशी बेसिनवरून आल्या, टेकल्या, पुन्हा गेल्या. परत आल्या त्या उभ्याच राहिल्या. भाची आमच्याकडे बघत होती. मावशींनी पदर सारखा केला की पसंत, असं दोघींचं ठरलेलं. पदर काही हलेना.

"मावशी, घाईने उघडलं का?" मी विचारलं.

"नाही गं," त्या म्हणाल्या. "अगदी नीट उघडलं."

आणि ओल्या हातांनीच त्यांनी पदर सारखा केला.

लग्न झालं, भाची गेली. नंतर एकदा मीच आग्रहाने मावशींना तिथे नेलं. शेजारचं टेबल रिकामं होतं. टोपली आली. मावशींनी झाकणाची स्वतःकडची कड उचलली. त्यांचा चष्मा वाफेने पांढरा झाला. त्यांनी तो पुसला नाही. आता म्हणतील, जरा हात धुऊन येते, म्हणून मी वाट बघत राहिले.

त्या उठल्या नाहीत.