पत्त्यांच्या टेबलावरचा कौल

कुकर चढवला होता, डब्याच्या पोळ्या अर्ध्या लाटून झाल्या होत्या, माझा नवरा सुधीर आंघोळीला गेला होता, आणि दारावर टकटक झालं. बेल असताना दार कोण ठोकतंय, म्हणून मी जरा वैतागूनच उघडलं. समोर शेजारचे विश्रामराव. वर ऑफिसचा शर्ट, खाली पायजमा. हातात मोबाइल आणि त्याला गुंडाळलेले इअरफोन.

"वहिनी, जरा वेळ आहे? एक ऐकायचंय. म्हणजे तुम्ही ऐकायचंय."

"या ना आत. चहा टाकते."

"चहा नको. आधी ऐका."

हा माणूस असं बोलणारा नव्हे. ठाकुर्लीच्या या बिल्डिंगमध्ये आम्ही राहायला आलो तेव्हापासूनचे ते शेजारी. वडील मोहन्याच्या कारखान्यात होते, त्यामुळे लहानपण तिथल्या चाळीत गेलं. मूळ गाव मालवणच्या पुढचं. कल्याणला बी.कॉम. केलं आणि घोडबंदर रोडवरच्या एका कंपनीत अकाउंट्सला लागले ते तिथेच. त्या रस्त्यावर रोज ताटकळूनही त्यांची तक्रार कधी कानावर आली नाही. जिन्यात भेटले की "काय, बरं?" एवढंच. फक्त सोसायटीच्या गणपतीत पत्ते मांडले की त्यांच्यात जीव यायचा. गावी गणपतीच्या जागरणांना खेळून हात तयार झालेला. आपल्या पानांकडे एकदाच बघायचे, मग समोरच्याच्या तोंडाकडे. त्यांची बायको, आसावरीताई, मला म्हणायची, "वासंती, ह्यांच्याशी खेळू नकोस गं. तुझ्याकडे एक्का आला की तुझं नाक फुगतं, ह्यांना लगेच कळतं."

आसावरीताई आमच्या गाण्याच्या ताई. त्यांच्या बाहेरच्या खोलीत दुपारी वर्ग भरायचा. सतरंजी, पेटी, तानपुऱ्याचं ते छोटं मशीन, आणि बिल्डिंगमधल्या आम्ही बायका. गळा कुणाचाच धड नव्हता. आमच्या चुका आम्हालाच ऐकवता याव्यात म्हणून ताई वर्ग मोबाइलवर रेकॉर्ड करायची. कोणी घसरलं की हात वर करून म्हणायची, "थांबा. पुन्हा." दोन वर्षांपूर्वी ती गेली. मूलबाळ नव्हतं. त्यानंतर विश्रामराव मधूनमधून बॅग घेऊन कुठेतरी जायला लागले. आम्हाला वाटायचं, बरं आहे, फिरतायत.

"मी गोव्याला जातो," सोफ्याच्या कडेवर टेकत ते म्हणाले. "कॅसिनोत. पोकर खेळायला."

मी लाटणं हातात घेऊनच उभी. "तुम्ही?"

"पहिल्यांदा ऑफिसची सहल गेलेली. आमच्यातल्या अपूर्वने ओढत टेबलावर बसवलं. हातात दोन झाकलेली पानं, मध्ये पाच उघडत जातात, आणि दर वेळी ठरवायचं, पुढे जायचं की पानं टाकायची. मला वाटलं, आपल्याला काय, तोंडं वाचता येतात. पण तिथे कोणाला तोंडच नाही हो वहिनी. काळे चष्मे, टोप्या, कानात गाणी. खिडकी नाही, घड्याळ नाही. आणि पैशांऐवजी त्या गोल चकत्या असतात ना, चिप्स, त्या प्रत्येक जण एकीवर एक सरकवत बसतो. टकटकटकटक, सारखं. माझं डोकं उठलं. म्हणून मीही कानात घातलं. मोबाइलवर काय होतं? तिने वेळोवेळी पाठवलेले वर्ग."

आतून सुधीर ओरडला, "कोण आलंय गं?"

"विश्रामराव!" मी म्हटलं. "तुझं चालू दे."

"त्या दिवशी पान चांगलं होतं," ते पुढे बोलत राहिले. "चिप्स पुढे ढकलणार, तेवढ्यात ती कानात म्हणाली, 'थांबा.' तुमच्यापैकी कोणाला तरी. माझा हात थांबला. मी पानं टाकली. समोरच्याने उघडली, तर त्याचं माझ्यापेक्षा मोठं."

"योगायोग असेल."

"मलाही तसंच वाटलं. म्हणून पुढच्या डावाला विचारून बघितलं."

"कोणाला?"

"तिला." त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "आमच्या गावी देवाला कौल लावतात. मूर्तीला दोन्हीकडे फुलं चिकटवायची आणि मनात प्रश्न धरायचा. उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. माझं लग्नसुद्धा आईने कौल घेऊनच ठरवलं होतं. तसंच. पानं आली की मनात विचारायचं. ती गात असली तर पुढे जायचं, थांबवत असली तर टाकायची. एकदाही चुकली नाही, वहिनी."

"मग जिंकत होता म्हणून जात राहिलात?"

"छे. जिंकण्याचं काय घेऊन बसलात. घरी तीच रेकॉर्डिंग लावली की ती तुम्हाला शिकवत असते. तिथे ती मला उत्तर द्यायची."

कुकरची शिट्टी झाली आणि मी दचकले. गॅस बारीक करून आले, इअरफोन कानात घातले.

तानपुरा. भूपाचे पलटे. त्यात माझाच आवाज, कोरडा, सगळ्यांच्या पुढे धावणारा. मग ताई: "वासंती, घाई नको. श्वास घे." डोळ्यांत पाणीच आलं. तो दिवस मला आठवला. ताईने मीठ लावून कैरी ठेवली होती आणि माझं सगळं लक्ष त्या बशीकडे. आता ती "थांबा" म्हणणार होती. मी वाट बघितली. ताईने ओळ उचलली आणि मध्येच तिचा आवाज नाहीसा झाला. खोकून थांबतात तसा नाही, कोणी तोंडावर हात ठेवावा तसा. आम्ही बायका गातच होतो. तानपुरा चालूच होता. आणि त्याच्यामागे, अगदी जवळ, सतरंजीवर कोणी बसून करावा तसा एक बारीक, एकसारखा आवाज. टकटकटकटक.

मी इअरफोन काढले. सुधीर डोकं पुसत बाहेर आला, त्याच्या कानात मी ते घातले. त्याला काहीच माहीत नव्हतं.

"विश्रामराव, आमच्या हिचा आवाज सकाळी सकाळी ऐकवायचा म्हणजे दुष्मनीच झाली," तो हसला. मग त्याने भुवया चढवल्या. "पण तुमच्या वर्गात कॅरम कोण खेळतंय? कोणीतरी सोंगट्या रचतंय बघ."

आमच्या वर्गात कॅरम कधीच नव्हता.

विश्रामरावांचा चेहरा उतरला. आपल्यालाच भास होतोय असं कोणीतरी म्हणेल, याच आशेवर ते आले असावेत.

"जेवढ्या रेकॉर्डिंग तिकडे वाजवल्या, तेवढ्या सगळ्यांत हा आवाज आहे," ते म्हणाले. "आधी लांबून यायचा. मला वाटलं, माझ्याच कानात बसलाय. मग ती 'थांबा' म्हणेना. मग गाणंही कमी व्हायला लागलं. तुम्ही सगळ्या आहात तशा आहात. फक्त तीच जातेय. आमच्याकडे कौल झाला की फुलं काढतात, गाऱ्हाणं घालून देवाला मोकळं करतात. मी तिला मोकळं केलंच नाही. तशीच बसवून ठेवली त्या टेबलावर. जिने जन्मात पत्त्याला हात लावला नाही, तिला."

सुधीरने इअरफोन हळूच टीपॉयवर ठेवले.

"गेल्या खेपेला माझ्या शेजारची खुर्ची रिकामी होती. पानं वाटणाऱ्या मुलीने त्या खुर्चीपुढेही दोन टाकली. मी म्हटलं, इधर कोई नहीं है. ती म्हणाली, 'सर, आपके साथ जो मॅडम बैठी थी, उनके हैं.'"

ते इअरफोन मोबाइलला गुंडाळू लागले. मग विचारलं, "शेवटच्या वर्गाची रेकॉर्डिंग तिने तुम्हाला पाठवली होती ना? माझ्याकडे ती नाही. म्हणजे तिकडे कधी वाजलेली नाही."

होती. मी माझ्या मोबाइलवर ती शोधली आणि टीपॉयवर ठेवून लावली. तानपुऱ्यामागून ताई आली ती अख्खी, भरलेली, नेहमीची. मागे काही नाही. एकेक आलाप पूर्ण होत होता. विश्रामराव डोळे मिटून ऐकत होते. "थांबा," ताई म्हणाली, "पुन्हा," आणि त्यांच्या ओठांवर हसू आलं.

तेव्हा मला त्यांचा उजवा हात दिसला. गुडघ्यावर होता. त्याची बोटं आपोआप हलत होती, नसलेल्या चकत्या एकीवर एक सरकवत. सुधीरनेही बघितलं. आम्ही बघतोय हे जाणवून विश्रामरावांनी डोळे उघडले, खाली पाहिलं, आणि तो हात मांडीखाली दाबून धरला.

"ही मी आत्ता तुम्हाला पाठवते," मी घाईने म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"पाठवू नका," ते म्हणाले. "पाठवलीत तर मी ती घेऊन पुन्हा तिकडेच जाईन. माझं मला माहीत आहे. तुम्ही एवढंच करा, वहिनी. सकाळी पोळ्या करताना ती जरा मोठ्याने लावत जा. मी पलीकडे भिंतीशी बसून ऐकेन."