जयाच्या डब्यातला बर्फ

आमची धाकटी जया म्हणजे हट्टाची पुतळी! एकोणनव्वदच्या उन्हाळ्यात तिची पीएचडी बुडायले आली होती. पेशीतल्या जीनच्या, म्हणजे जनुकाच्या, दाराशी ठरावीक प्रथिनं जमली तरच तो जीन चालू होते, हे तिच्या वामनराव सरांनाही मान्य. पण ती जमतात काहून? सर म्हणत, भरपूर असली की जमतात. जया म्हणे, नाही, त्यांच्यावर फॉस्फेट चढावं लागते.

"ताई, लग्नात व्याह्याले दुपट्टा दिल्याशिवाय तो मांडवात येते का? तसंच हे."

"आन् दुपट्टा काढून घेतला तं?"

"मंग रुसून घरी!"

पुरावा मात्र नव्हता. सरांनी बजावलं होतं, जूनपर्यंत दाखव, नाहीतर विषय बदल.

त्यातच लॅबची लाईन गेली न् फ्रीज बंद पडले. उंदराच्या यकृताचा अर्क बाटल्यांत बंद करून, बर्फाच्या डब्यात घालून ती घरी घेऊन आली. डब्याले कोणी हात लावायचा नाही म्हणाली न् कॉलेजात गेली. उंदराचं नाव काढलं नाही. आईनं डब्यासकट तिलेच बाहेर काढलं असतं.

दुपारी कामठीचे देवाजीमामा न सांगता तिच्यासाठी स्थळ घेऊन हजर. पाहुणे घामाघूम. मामांनी डबा उघडला, बाटल्या ओट्यावर काढल्या, बर्फ फोडून सगळ्यांले गारेगार पन्हं पाजलं. पाहुण्यांनी तारीफ करकरून पुन्हा मागून घेतलं.

तेवढ्यात जया आली न् किंचाळलीच. "मामा, माझी पीएचडी पाजली तुम्ही! उंदराच्या अर्काचा बर्फ होता तो!"

"अवं, बर्फच तं होता!"

पाहुण्यांनी गिलास ठेवले न् चपला शोधल्या. स्थळ गेलं ते गेलंच.

सर म्हणाले, अर्क नासला, फेकून दे. ऐकेल ती जया कसली! तिनं तपासलं, तं प्रथिनं जशीच्या तशी, भरपूर होती. पण जीनच्या दाराशी एकही जमेना.

"ताई, गरमीत दुपट्टे निघून गेले असतील तं? अर्कात फॉस्फेट काढणारं एंझाईम असते. थंडीत ते गप राहते."

दुसऱ्या दिवशी तिनं त्याच अर्कात फॉस्फेट चढवणारं एंझाईम टाकलं. प्रथिनं पुन्हा जमली! सरांनी तिच्याकडून परत करून घेतलं. परत जमली.

ती घरी आली न् आईच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडली. "सर म्हणाले, विषय बदलू नको."

"मंग रडून काहून राहिली वं?"

"आई, मले स्वतःलेच खात्री नव्हती."