रोह्याच्या कुंपणापुढे

"हिला विचारा. शेणाचं ज्ञान हिच्या घरात पिढ्यान् पिढ्या आहे," सर म्हणाले, आणि रोह्याच्या, म्हणजे नीलगाईच्या, कुंपणापुढे उभा असलेला सगळा वर्ग हसला. मीही हसले. त्याची लाज अजून जात नाही.

झालं होतं एवढंच. आम्ही एम.एस्सी. प्राणिशास्त्राची मुलं मलकापूरहून रेल्वेने शहरातलं प्राणिसंग्रहालय पाहायला गेलो होतो. इथे तास नाही, मोकळं बोला, असं सर सकाळपासून सांगत होते. मला तेव्हाच संशय आला होता. मोठी माणसं मोकळं बोला म्हणाली की मी आधी तोंड मिटते. पण कोपऱ्यातला लेंड्यांचा ढीग पाहून आमचा गटप्रमुख वहीत 'अस्वच्छता' असं लिहायला लागला आणि मला राहवलं नाही.

"घाण नाही ते. रोही रोज एकाच जागेवर हागते. त्यावरूनच दुसऱ्याले समजते, कोन येऊन गेलं ते."

साखरखेर्ड्याच्या शिवारात तुरीतले रोही हाकलत मी वाढले. आई लोकांचे गोठे झाडते. हे वर्गात कुणालाच ठाऊक नव्हतं. फक्त शिष्यवृत्तीच्या अर्जात लिहिलं होतं, आणि तो अर्ज सरांच्या टेबलावरून पुढे गेला होता.

परतताना गाडीत सर एकदम गोड झाले. तुला माहीत आहे ते सगळं लिहून दे, गटाला उपयोग होईल म्हणाले. मला खटकलं. तरी लिहून दिलं. मूर्खच मी, कौतुकाला भुलले.

आठवड्याने सहलीचा अहवाल तयार झाला. पानंच्या पानं माझी, शब्दसुद्धा माझे. विद्यार्थ्यांच्या यादीत माझं नाव नव्हतं. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात होतं: 'स्थानिक माहितीगार, एक ग्रामीण महिला.' त्यांच्याच बाकावर बसणारी मी, माहिती देणारी बाई झाले होते.

अहवाल घेऊन सरांच्या खोलीत गेले. ते शांतपणे म्हणाले, "अनौपचारिक शिक्षण आहे हे. त्यात नावाचं काय घेऊन बसलीस?"

"मंग बाकीच्यायचे नावं काऊन टाकले?"

मी त्यांच्याच टेबलावरचा पेन उचलला. ती ओळ खोडली आणि यादीत सगळ्यात वर माझं पूर्ण नाव लिहिलं, आईच्या नावासकट.

अंतर्गत गुण त्यांच्या हातात आहेत. ते कापतील, मला माहीत आहे. कापू देत. माझ्या नावाशिवाय माझी एक ओळसुद्धा आता कुणाला मिळणार नाही.