अण्णांच्या सायकलचा कान

अण्णा आपल्या सायकलच्या उजव्या बाजूला कुणालाही फिरकू देत नसत. शिरोलीच्या आमच्या फौंड्रीत एकाला एक खेटून सायकली लागत, पण अण्णांची कोपऱ्यात, वेगळी. कुणी जवळून गेला की साचे भरता भरता तिथूनच ओरडत, "पावणं, तिकडनं जावा की! कान हाय तिथं!"

मालकांचा मुलगा परदेशी जाताना ती गिअरची सायकल त्यांना देऊन गेला होता. मागचा गिअर ज्या बोटभर ॲल्युमिनियमच्या पट्टीला लटकतो, तिला दुकानात हँगर म्हणतात. अण्णा कान म्हणत. तो जरासा वाकला तरी साखळी उड्या मारते. म्हणून सायकल आडवी ठेवायची ती डाव्या कुशीवरच. टेम्पोत चढवायची तर आधी गिअर सोडवून, फडक्यात गुंडाळून फ्रेमला बांधायचा. आम्ही हसायचो. "लेकराला न्हाऊ घालताना कान झाकतासा का न्हाय?" अण्णा विचारत.

हे लाड उगीच नव्हते. उकिडवं बसून साचे भरण्यात अण्णांचा गुडघा कामातून गेला होता. साधी सायकल चढाला रेटवत नसे, आणि एसटी तर अशी लागायची की कागल येईपर्यंत दोनदा ओकत. कागलला त्यांची थोरली अक्का अर्धांगानं पडून होती. आई गेल्यावर तिनंच अण्णांना वाढवलं होतं. सहा दिवस ती सुनेच्या हातून जेवायची. रविवारी मात्र अण्णा सायकलनं येऊन भरवेपर्यंत तोंड उघडायची नाही.

एका दुपारी फौंड्रीच्या आवारात मागं घेताना एका टेम्पोनं सायकलला धक्का दिला आणि कान मोडला. पुण्याचा दुकानदार म्हणाला, नवा यायला महिना लागेल. अण्णा थांबायला तयार होते, पण दोन रविवार चुकल्यावर त्यांचा चेहरा बघवेना. मी तेव्हा डिप्लोमा करून मशीनशॉपला नुकताच लागलो होतो. म्हटलं, "अण्णा, दोन दिवसांत करून देतो. आणि लोखंडाचा देतो, जन्मात वाकणार नाही!"

अण्णांनी मोडका तुकडा हातात फिरवला. "पोरा, त्यांनी मऊ ठेवलंय, म्हंजे कायतरी इचार करूनच ठेवलं असंल की."

"तुम्ही साचे सांभाळा, अण्णा," मी म्हणालो. काय ती अक्कल माझी! दीडशहाणा नुसता. रविवार तोंडावर होता. अण्णांनी हसून तुकडा माझ्या हातात ठेवला.

पट्टी झकास बसली. महिनाभर अण्णा भेटेल त्याला ती दाखवत होते. मग उसाचा हंगाम सुरू झाला. हायवेवर ट्रॉलीतून पडलेलं उसाचं कांडं मागच्या चाकात शिरलं आणि गिअरमध्ये अडकलं. मऊ पट्टी असती तर वाकली असती, फार तर मोडली असती, आणि सायकल वाचली असती. माझी पट्टी जागची हलली नाही. फ्रेमच फाटली. तसल्या गुडघ्यानं अण्णा सायकल ढकलत कागलला गेले.

मी फ्रेमला वेल्डिंग करून आणलं. आठवड्यात शेजारून तडकली. पुन्हा केलं, पुन्हा तडकली. मित्राच्या मोटरसायकलवर अण्णांना न्यायला बघितलं, तर तेवढा वेळ गुडघा दुमडून बसवेना. पट्टी मऊ का ठेवतात, हे मला आता नीट कळलं होतं, पण त्याचा उपयोग काय? अण्णा एसटीनं जायला लागले, पण दर रविवारी नाही जमायचं. न जमलेल्या रविवारी अक्का उपाशी राहायची.

उन्हाळ्यात अक्का गेली. शेवटचे तीन रविवार अण्णांना जाता आलं नव्हतं.

मी कागलला मातीला गेलो. कुणीतरी दोन शब्द सुनावावेत असं फार वाटत होतं. माती आटोपून आल्यावर अण्णांनी मला पाहुण्यांत बसवलं, चहा दिला, आणि पाठीवर हात ठेवून म्हणाले, "ह्यो आमच्या कारखान्यातला इंजिनेर. माझ्या सायकलीला पट्टी केलती ह्यानं. सायकल गेली, पर पट्टी अजून वाकलेली न्हाय बघा."

मनापासून बोलत होते. पाहुणे माझ्याकडं कौतुकानं बघायला लागले, आणि मला तिथून उठताही येईना.