डाव्या हातात बसलेला दगड

नांगराचा फाळ गारगोटीवर घासला की जळकट वास सुटतो, त्या वासाला मी अजूनही मनातल्या मनात हात जोडते. लग्नानंतरचा पहिला हिवाळा होता. मी डावखुरी; डाव्या हातानं वाढणं अशुभ, म्हणून सासूबाई मला पंगतीत वाढू देत नसत. तेव्हा जुनी दगडी हत्यारं शोधणाऱ्या एक मॅडम आमच्या नदीकाठच्या शेतात आल्या. अशी हत्यारं कुठं कुठं सापडतात त्यावरून पहिली माणसं कोणत्या वाटेनं आली ते कळतं, असं त्या सांगत होत्या. कपाशीच्या ओळीत सापडलेला गारगोटीचा एक टोकदार दगड त्यांनी सासूबाईंना धरायला दिला. उजव्या मुठीत कसाही धरला तरी त्याची कड त्यांच्या तळहाताला बोचायची. मी डाव्या हातात घेतला, तर अंगठा नेमका खोबणीत बसला. “घडवणारा डावखुरा असावा,” मॅडम हसून म्हणाल्या. संध्याकाळी घरी सासूबाईंनी वरणाची पळी माझ्या डाव्या हातात दिली. “वाढ वं. इथं आलेलं पयलं मानूसच डाव्या हाताचं होतं, मंग तुले काऊन बोलू?” आता त्यांचे हात थरथरतात, म्हणून घास मीच भरवते. कधी चुकून उजवा हात पुढं केला, तर त्या तोंडच उघडत नाहीत.