ठकी घडी घालत नाही

उद्या सकाळी दहाला ठकी तो टेबलक्लॉथ डॉक्टरीणबाईंसमोर उलगडणार, हा विचार आईच्या डोक्यातून काही केल्या जाईना. दूध उतू गेलं. शर्टाचं एकच बटण दोनदा उसवून दोनदा लावलं. तरी डोळ्यांपुढे तेच: ठकी ताठ मानेने उभी आहे, कापड सरसर सुटतंय, आणि मधोमध ती फट.

ठकी ही तिची थोरली लेक. जन्मली तेव्हा लाकडी बाहुलीसारखी डोळे वटारून बघत राहिली म्हणून आजोबांनी ठेवलेलं नाव, ते चाळिशी आली तरी सुटलं नाही. डोळे वटारणंही सुटलं नाही. शिकली, विम्याच्या कचेरीत अकरा वर्षं फायली सांभाळल्या. ती शाखा बंद पडली तेव्हा दुसरी नोकरी शोधायची सोडून बाईसाहेबांनी जाहीर केलं, "मी आता लोकांचं लिनन धुणार."

"धुणार? म्हणजे धुणं?"

"धुणार, वाळवणार, इस्त्री करणार. घरीच. लॉन्ड्रीवाले लिननची पार वाट लावतात."

"आणि ती पदवी? तीही धुवून वाळत घालणार का?"

"घालीन की. चिमटे भरपूर आहेत."

आईने कपाळाला हात लावला आणि नातेवाइकांत सांगायला सुरुवात केली की ठकी 'कापडाच्या व्यवसायात' आहे.

ठकीचं दोन खोल्यांचं घर म्हणजे नियमांचं आगरच. पाणी कोमट, तेही मनगटावर ओतून बघायचं. साबण पाण्यात आधी विरघळवायचा, कापडावर थेट नाही. पिळायचं तर मुळीच नाही. टॉवेलात गुंडाळून नुसतं दाबायचं. वाळत घालायचं ते सावलीत, आणि पुरतं वाळू द्यायचं नाही. ठकी दर थोड्या वेळाने गॅलरीत जाऊन कापड गालाला लावून बघे. गार लागलं, पण ओलं नाही लागलं, की उतरवायचं आणि लगेच उलट बाजूने इस्त्री.

"गालाला काय लावतेस? ताप आलाय का त्याला?" आई विचारायची.

"हाताला कळत नाही गं. हात सतत पाण्यात असतात."

आणि सगळ्यांवर कडी म्हणजे घडी घालायची नाही. लिननचा धागा कडक असतो, त्यातून कापड जुनं असलं की घडीवर इस्त्री दाबली तर तिथेच तुटतो, हे ठकीचं म्हणणं. म्हणून ती कापड पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळून पोचवी. एवढंच नाही, तर गिऱ्हाइकाच्या घरी स्वतः उलगडून दाखवी. "बघा, एक चूण नाही," असं म्हटल्याशिवाय ती तिथून हलत नसे. आईला हा सगळा थाटच वाटायचा. गुंडाळलेलं कापड द्यायला ही काय नकाशे विकते?

डॉक्टरीणबाईंचा टेबलक्लॉथ गेल्या आठवड्यात आला. त्यांच्या आईने विणलेली कडा, पन्नासेक वर्षांचं कापड, मऊ आणि विरळ झालेलं. तो त्या आजवर कुणाच्या हाती द्यायला तयार नव्हत्या. ठकीने चार वेळा जाऊन त्यांना पटवलं होतं. हा नीट झाला तर त्यांच्या बहिणी, मैत्रिणी, सगळ्यांची कपाटं उघडणार होती. ठकी तीन दिवस दुसरं काही बोलत नव्हती.

काल दुपारी तिला दाढेच्या डॉक्टरकडे जायचं होतं, म्हणून तिने आईला आपल्या घरी बोलावून घेतलं. धुतलेला टेबलक्लॉथ गॅलरीत होता.

"आई, फक्त लक्ष ठेव. गार लागला की उतरवून टॉवेलात गुंडाळ. इस्त्री मी येऊन करते. हात लावू नकोस."

हात लावू नकोस! चाळीस वर्षं घराचे कपडे जिने धुतले, नवऱ्याच्या शर्टाची कॉलर जिच्या हातची उठून दिसायची, तिला ही पोर सांगते हात लावू नकोस. आई मनातल्या मनात फणफणली. मग टेबलक्लॉथ सावलीतून काढून तिने चांगला उन्हात टाकला. खडखडीत वाळला. गालाला वगैरे लावायची गरजच पडली नाही. इस्त्री पूर्ण तापवली, वजन टाकून फिरवली आणि अशी काही आठपदरी घडी घातली की कडा सुरीसारख्या. यात काय एवढं शिकायचंय, हे एकदा त्या पोरीला दाखवायचंच होतं तिला.

मग कौतुकाने परत उलगडून बघितली. चारी घड्या जिथे मिळत होत्या तिथे नखाएवढी फट. धागे तुटून उभे राहिले होते.

तिने भराभरा पाणी शिंपडलं, घड्यांच्या रेघा इस्त्रीने मोडल्या, टेबलक्लॉथ नळीवर गुंडाळला, वर कागद लावला, दोरा बांधला. ठकी सुजलेला गाल धरून आली, बांधलेली गुंडाळी बघून थबकली.

"इस्त्री केलीस?"

"केली. तुझ्यासारखीच."

ठकीने डोळे वटारले, मग गुंडाळी हातात घेऊन दोन्ही टोकं बघितली. आणि दुखऱ्या तोंडाने हसली. "गुंडाळलंस पण! आई, तू शिकलीस की गं." दोरा सोडलासुद्धा नाही तिने. विश्वास टाकला.

ते हसूच आता आईला खात होतं. रागावली असती, उघडून बघितलं असतं तर बरं झालं असतं. एरवी शंभर शंका काढते, नेमकं कालच काय झालं होतं तिला? मग आईला स्वतःचीच चीड आली. आता हाही दोष तिचाच का?

बाबांनी वर्तमानपत्रावरून बघितलं. "तिसऱ्यांदा उसवतेस ते बटण. काय झालंय?"

तिने सांगितलं. बाबांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवलं.

"मग डॉक्टरीणबाईंना फोन कर," ते म्हणाले. "माझ्या हातून झालं म्हणावं. ठकीला कळायलाही नको."

नंबर तिच्याकडे होता. तिने फोन उचललाही. पण बाईंना सांगितलं तरी ठकी उद्या जाणारच. उलगडणार, "एक चूण नाही" म्हणणार, आणि समोरच्या बाईला आधीच सगळं माहीत असणार. शिवाय अजून रात्र पडायची होती. ठकीला आज फटीचं कळलं तर उद्या दहाच्या आत ती बारीक सुई घेऊन काहीतरी करील, नाहीतर स्वतः जाऊन खरं सांगेल. काय करायचं ते तिला ठरवू दे. कापड तिच्या भरवशावर आलं होतं.

"डॉक्टरीणबाईंना नाही," आई म्हणाली. "ओरडेल मेली. ओरडू दे."

आणि तिने ठकीचा नंबर लावला.