पद्मिनीमावशीच्या गळ्याची शपथ

आमच्या जगन्नाथकाकांनी उभ्या आयुष्यात वाइनचा थेंब घेतला नाही. हे वाक्य आमच्या नात्यागोत्यात अशा कौतुकाने सांगितलं जातं, जणू काकांनी एव्हरेस्ट सर केलं होतं. मला ते ऐकलं की संताप येतो. काका वाइनचंच शिकायला अमेरिकेत आले होते, हे सांगायला सगळे सोयीस्करपणे विसरतात.

ओझरला काकांच्या घरामागे द्राक्षांचा मांडव होता. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून पहिल्या वर्गात पास होऊन ते सहासष्ट साली डेव्हिसच्या विद्यापीठात आले, ते द्राक्षं आणि वाइन याच विषयासाठी. वर्गात त्यांच्या बाकावर जिनो बेलार्दी नावाचा मुलगा बसायचा. त्याच्या आजोबांनी इटलीहून येऊन गिलरॉयच्या टेकड्यांवर द्राक्षं लावली होती, आणि घरातली सगळी माणसं त्याच मळ्यात राबायची. जिनो सुट्टीत काकांना घरी न्यायचा. त्याच्या वडिलांनी, म्हातारबाबा जुझेप्पेंनी, काकांचं नाक ओळखलं. पिंपावर वाकून नुसता वास घेऊन काका सांगायचे, हिला अजून थांबवा. म्हाताऱ्याने दोन हंगाम पाहिलं आणि तिसऱ्या हंगामाला सरळ विचारलं, आमच्यात ये. जिनोसारखाच भागीदार हो.

काकांचं तेव्हा नुकतंच लग्न झालेलं. पद्मिनीमावशी, म्हणजे माझ्या आईची थोरली बहीण, साताऱ्याच्या हेडमास्तरांची मुलगी. नाकाने कांदे सोलणारं घराणं. जुझेप्पेने घरच्या सुनेसारखं तिला जेवायला बोलावलं, अक्रोडाच्या झाडाखाली टेबल मांडलं, तर मावशीने नुसता पाव आणि द्राक्षं खाल्ली. घरी आल्यावर स्वयंपाकघरात तिने काकांचा हात ओढून आपल्या गळ्यावर ठेवला. "माझ्या गळ्याची शपथ आहे. या धंद्यात पडायचं नाही, आणि ती वस्तू तोंडात घ्यायची नाही." काकांनी समजावलं, की वाइन पारखणारे लोक गिळत नाहीत, चव पाहून थुंकून टाकतात. मावशी म्हणाली, तोंडात घेतली म्हणजे बाटलंच. जावई दारूवाला निघाला तर धाकटीला कोण करून घेईल?

ती धाकटी म्हणजे माझी आई. तिचं लग्न वेळेवर झालं, मी जन्मले, शिकले, वर्क व्हिसावर सनीव्हेलला आले. तेव्हा माझ्या पृथ्वीवर असण्याचं थोडं श्रेय त्या शपथेलाही द्यावं लागेल. आई अजून सांगते, "आमच्या ताईनं वेळीच लगाम घातला." लगाम घोड्याला घालतात, हे तिच्या ध्यानात येत नाही.

काकांनी मग पीच आणि टोमॅटो डब्यात भरणाऱ्या कारखान्यात नोकरी धरली. तो बंद पडल्यावर काऊंटीच्या पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत गेले. द्राक्षं शिकलेला माणूस पाणी तपासत रिटायर झाला. तक्रार म्हणून नाही. जिनोलाही त्यांनी नकाराचं कारण सांगितलं नाही. बायकोचं नाव पुढे करणं त्यांना कमीपणाचं वाटलं. मग त्याला तोंड कसं दाखवायचं म्हणून तिकडे जाणंही बंद केलं.

मी नवीन आले तेव्हा काही महिने त्यांच्याच घरी होते. मागच्या कुंपणावर त्यांनी द्राक्षाचा एकच वेल चढवला होता. जानेवारीत त्याची छाटणी करायचे. मी एकदा कात्री धरून शेजारी उभी असताना म्हटलं, "काका, मावशीला सरळ सांगा ना, शपथ सोड म्हणून. तुम्ही सायंटिस्ट, तुम्ही असलं मानता?"

"मी नाही गं मानत. पण ती मानत होती ना, घातली तेव्हा." त्यांनी एक फांदी कापून माझ्या हातात दिली. "शपथ घालणाऱ्यानेच 'सुटली' म्हणायचं असतं. मागून सोडवून घेण्यात काय अर्थ आहे? तिने आपणहून म्हणायला पाहिजे. कधीतरी म्हणेल. आठवण असणारच तिला."

बाकी काकांना काही नको होतं. वाइनरी नको, पैसा नको. बायकोने एकदा "सुटली" म्हणावं, म्हणजे आपण काय सोडलं हे तिला माहीत आहे एवढं तरी कळावं.

दरम्यान जग बदललं. ज्या लोकांनी काकांच्या नोकरीवर सुटकेचा निःश्वास टाकला होता, त्यांचीच मुलं महाराष्ट्र मंडळाच्या पिकनिकला ग्लासाची दांडी दोन बोटांत धरून फिरू लागली. काकांचा जावई निमिष चिप डिझाइन करतो. त्याने घरात वाइनसाठी वेगळा फ्रिज घेतला. आणि मावशी? मावशी दिवाळी पार्टीत लाल वाइनचा ग्लास हातात घेऊन सांगायची, "ही काही दारू नव्हे हं. हार्टला चांगली असते." मी काकांकडे बघायचे. काका लिंबाचं सरबत पीत बसलेले असायचे.

दोन हजार चार साली काकांची एकसष्टी आली. हिमानी, त्यांची मुलगी, म्हणाली, हॉलबिल नको, त्यापेक्षा मस्त फॅमिली-रन इटालियन वाइनरीत जाऊ, टूर करू, टेस्टिंग करू. निमिषने इंटरनेटवरून जागा बुक केली. कुठली ते सरप्राइज. काका गाडीत पुढे बसले होते. ऑक्टोबरचा शनिवार. गिलरॉय आलं, खिडकीतून तिथल्या लसणाच्या कारखान्यांचा वास आला, गाडी हायवे सोडून टेकड्यांकडे वळली, तसे काका ताठ झाले. कमानीवर पाटी होती, बेलार्दी.

गाडीतून उतरल्यावर ते माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "रुचा, आज बघ. इथे आल्यावर तिला आठवल्याशिवाय राहायचं नाही."

साठी उलटलेल्या माणसाचा चेहरा मी इतका कोवळा कधी पाहिला नव्हता.

टूर द्यायला तेरेसा आली, जिनोची मुलगी. हंगाम ऐन भरात होता. अंगणात द्राक्षांचे घड ट्रेमधून यंत्रात पडत होते आणि सगळीकडे आंबूस गोड वास भरला होता. तिने आंबवण्याच्या टाक्या दाखवल्या, मग तळघरातली ओकची पिंपं. कुठलं काम कुणाकडे हे सांगताना ती फक्त नाती सांगत होती. पिंपं तिचा काका बघतो, हिशेब आत्या, छाटणी भाऊ. निमिषने पिंपांचे फोटो काढले. काका एका पिंपाशी थांबले, वाकले, डोळे मिटून वास घेतला आणि पुढे निघाले.

बाहेर ते अक्रोडाचं झाड तसंच होतं. खाली लाकडी टेबलं. मावशी त्याच झाडाखाली बसली, पदराने वारा घेत म्हणाली, "किती शांत आहे नाही इथे? आपण कधी आलोच नाही बघा इतक्या वर्षांत या बाजूला."

काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मीही पाहिलं नाही.

तेरेसाने ग्लास मांडले, प्रत्येकात तळाशी थोडी थोडी वाइन ओतली आणि चव पाहून थुंकायला मध्ये एक भांडं ठेवलं. तेवढ्यात हात पुसत एक पांढऱ्या मिशांचा माणूस शेडमधून आला, थबकला आणि ओरडलाच, "जॅक!" काकांना त्या घरात जॅक म्हणायचे. जिनोने त्यांना मिठी मारली ती सोडेचना. मग मुलीला म्हणाला, हाच तो. तुझे आजोबा जायच्या आदल्या वर्षापर्यंत विचारायचे, तो इंडियन का नाही आला म्हणून. आम्ही त्याला भागीदार करणार होतो. नाही म्हणाला. का, ते आम्हाला कधी कळलंच नाही.

"व्हॉट? बाबा, सीरियसली?" हिमानीने ग्लास खाली ठेवला. "तुम्ही हे सगळं ओन केलं असतं? आणि नाही म्हणालात? व्हाय?"

सगळे काकांकडे बघायला लागले. काका मावशीकडे बघत होते. वाट बघत होते असं म्हणायला हवं.

मावशी हसली. "अगं, यांचं असंच आहे पहिल्यापासून. धाडस म्हणून कधी केलंच नाही. आयुष्यभर आपली नोकरी एके नोकरी. मी मेली काय बोलणार?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी तोंड उघडलं तसा काकांनी टेबलाखाली माझा हात दाबला. मावशीने वाइनचा घोट घेतला, छान आहे हो म्हणाली, आणि दुसरा ग्लास काकांपुढे सरकवला.

"घ्या हो आज तरी. एकसष्टी आहे. एका घोटाने काही होत नाही."

काकांनी ग्लास उचलला. दांडीला धरून हलकेच फिरवला, तो निमिषसारखा शिकून नव्हे. वास घेतला. जिनो त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत होता. काकांनी ग्लास ओठांपर्यंत नेला आणि तिथेच थांबवला.

"आधी सुटली म्हण," ते मावशीला म्हणाले.

"काय सुटली?"

ती नाटक करत नव्हती. तिला खरंच काही माहीत नव्हतं. काकांनी आयुष्य ज्या खुंटीला टांगून ठेवलं होतं, ती भिंतीत नव्हतीच.

"काही नाही," काका म्हणाले, आणि ग्लास मधल्या भांड्यात ओतून टाकला.

"अहो, चांगली होती की ती!" मावशी म्हणाली. निमिष म्हणाला, डॅड, दॅट वॉज देअर बेस्ट रिझर्व्ह. जिनोने काकांच्या खांद्यावर हात ठेवला आणि निघेपर्यंत तो काढला नाही. जाताना तेरेसाने काकांना वेलीवरचा एक घड तोडून दिला. मावशीने तो त्यांच्या हातातून काढून घेतला. "शुगर आहे यांना," ती म्हणाली, आणि गाडीत मागे बसून एकेक मणी खात आली. निमिषच्या डिकीत एक खोकं वाइन होती.

त्या जानेवारीत काकांनी कुंपणावरचा वेल छाटला नाही. उन्हाळ्यात तो वेडावाकडा वाढला, शेजारच्यांच्या झाडावर चढला आणि मावशीने माळ्याला सांगून तो मुळासकट काढवला. मी काकांना विचारलं, वाईट नाही वाटलं? ते म्हणाले, "आता कशाला ठेवायचा?" पुढे ते फारसं काही बोलतच नसत. दोन हजार सातच्या मार्चमध्ये गेले. हार्ट.

वर्षश्राद्ध हिमानीच्या घरी झालं. गुरुजी जेवून गेले, जवळची माणसं राहिली. संध्याकाळी निमिषने बेलार्दींच्या खोक्यातली शेवटची बाटली उघडली, बाबांच्या आठवणीसाठी म्हणून. सगळ्यांच्या हाती ग्लास आले. काकांच्या फोटोला हार घातलेला होता. कुणीतरी म्हणालं, काका मात्र घेत नसत, नाही का?

मावशीने डोळ्यांना पदर लावला. तिचं दुःख खोटं नव्हतं, तेवढं मला कबूल करायलाच हवं. ती फोटोकडे बघत म्हणाली, "कधी थेंब घेतला नाही हो त्यांनी. मी काही अडवलं नव्हतं. त्यांना मुळात आवडच नव्हती."